जुनी छोटी मोटार घेताना : ‘पासिंग’ काय सांगते आणि काय सांगत नाही

‘गाडीचे पासिंग नुकतेच झाले आहे, डोळे झाकून घ्या’ हे वाक्य जुन्या मोटारींच्या बाजारात जितके कानावर पडते, तितके दुसरे कोणतेही पडत नाही. केज, अंबाजोगाई, कळंब, लातूर, कोठल्याही गॅरेजात किंवा दलालाच्या अड्ड्यावर जा, आरसी बुकावरची पुढची तारीख दाखवली की निम्मा सौदा झाला असे समजले जाते. घेणारा बहुधा डोळे झाकतोही. पासिंग ही खरोखर काय चीज आहे आणि तिच्या पलीकडे घेणाऱ्याने स्वतः काय पाहावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

युसूफ वडगावसारख्या केज तालुक्यातील गावात छोटी मोटार आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बाजार करणारा मण्यार, कापडाचे गठ्ठे घेऊन फिरणारा व्यापारी, फर्निचरचे किंवा वेल्डिंगचे काम घेणारा कारागीर, या सर्वांना चार चाके कामाची वाटतात. शिवाय रात्री-अपरात्री घरातील माणसाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्यायची वेळ कोणावर येत नाही? नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही, म्हणून नजर जुन्या मारुती ८०० वर किंवा ऑल्टोवर जाते. हा पैसा बहुतेक वेळा धंद्याच्या भांडवलातून काढलेला असतो. गाडी फसली तर नुकसान गाडीपुरते राहत नाही. हंगामात माल भरायला रोख उरत नाही, आणि तीच खरी मार असते.

प्रथम या गाड्यांचे वय ध्यानात घ्यावे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज बाजारात असलेली सर्वांत तरुण मारुती ८०० सुद्धा बारा वर्षांच्या घरात आहे. ऑल्टो २००० साली आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये ऑल्टो ८०० हे नवे रूप आले, आणि तेही २०२३ मध्ये बंद झाले. तिन्हींचे इंजिन ७९६ सी.सी.चे, तीन सिलिंडरचे. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, कोणताही मिस्त्री हात घालू शकतो, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. वयाचे परिणाम मात्र चुकत नाहीत.

कायदा काय म्हणतो?

खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी होते. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात नेऊन तपासून घ्यावी लागते आणि नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. यालाच आपण बोलीभाषेत पासिंग म्हणतो. अर्ज नमुना २५ मध्ये करतात. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत तो करता येतो. भाड्याच्या गाडीचा नियम वेगळा आहे. तिला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

हा फरक महत्त्वाचा आहे. खासगी मोटार पंधरा वर्षे सरकारी तपासणीसाला तोंडही दाखवत नाही. २०१२ ची ऑल्टो कोणी विकायला आणली तर तिची पहिली सरकारी तपासणी अजून व्हायचीच आहे. आणि ज्या गाडीची झाली आहे, तिच्या कागदावर तपासणीनंतरची पाच वर्षे लिहिलेली असतात. तपासणी एका दिवसाची असते. त्या दिवशी दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, ब्रेक धरत होता, नंबर जुळत होते, एवढेच तो कागद सांगतो. तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या गाडीच्या आजच्या ब्रेकबद्दल तो काही बोलत नाही. पासिंगसाठी चांगले टायर एका दिवसापुरते चढवून दुसऱ्या दिवशी उतरवल्याच्या कथा गॅरेजांत चवीने सांगितल्या जातात. प्रत्येक कथा खरी असेलच असे नाही, पण आज गाडीला कोणते टायर आहेत हे आपल्या डोळ्यांनी पाहायला काय हरकत आहे?

खर्चाचाही हिशेब करावा. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने वीस वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी ती १०,००० रुपये झाली. मुदत उलटून गेल्यास मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा. दोन वर्षे अंगणात उभी असलेली, ‘फक्त पासिंग बाकी आहे’ अशी गाडी घेतली तर विलंबाचेच १२,००० रुपये होतात, मग मूळ फी आणि मग राज्याचा पर्यावरण कर. २००७ साली नोंदलेली मारुती पाहा. २०२२ मध्ये तिचे एक नूतनीकरण झाले असेल, तर पुढचे २०२७ मध्ये येणार आणि ते दहा हजारांच्या दराने. हे आकडे सौदा ठरण्यापूर्वी बोलावेत, कारण इसार दिल्यावर त्यांना कोणी विचारत नाही.

नापास होण्याची कारणे

आपल्याकडे तपासणीचा निकाल म्हणजे पास किंवा नापास. कोणत्या बनावटीच्या किती गाड्या कोणत्या दोषामुळे अडल्या, याची यादी ग्राहकाच्या हाती येत नाही. ब्रिटनमध्ये ही सोय आहे. तेथे १९६० पासून जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी चालू आहे. आता गाडी तीन वर्षांची झाली की ती दरवर्षी करावी लागते. नंबर टाकला की त्या गाडीच्या मागील तपासण्यांचे निकाल कोणालाही फुकट पाहता येतात. पहिल्या फेरीत दर चार गाड्यांमागे एकीहून अधिक नापास होते, आणि कारणे वर्षानुवर्षे तीच असतात : दिवे, सस्पेन्शन, ब्रेक, टायर. यात इंजिनचे नाव नाही, हे वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. आपला ग्राहक मात्र बॉनेट उघडून इंजिनचा आवाजच ऐकत बसतो.

तिकडची उदाहरणे इकडे कशाला, असे कोणी म्हणेल. पण ब्रिटनमध्ये २००९ नंतर ऑल्टो नावाने विकली गेलेली छोटी मोटार हरियाणातील मानेसर येथेच तयार होत होती. आपल्याकडे ती ए-स्टार नावाने मिळे. गाडी आपलीच, फक्त तिला दरवर्षी तपासणारे कोणी होते. आपल्याकडे तपासणारे आपणच.

पत्रा : न दिसणारा आणि सर्वांत महाग दोष

जीप किंवा टेम्पो यांना खाली वेगळी लोखंडी चेसिस असते आणि बॉडी तिच्यावर बसवलेली असते. छोट्या मोटारीला अशी चेसिस नसते. तळाचा पत्रा, दाराखालचे रनिंग बोर्ड, खांब आणि छत हे सर्व एकत्र जोडून जो सांगाडा होतो तोच तिचा कणा. पुढचे शॉकॲब्सॉर्बर ज्या टोपीत बसतात ती टोपीही पत्र्याचीच. तेव्हा या गाडीत पत्रा सडणे म्हणजे केवळ रूप जाणे नव्हे. बैलगाडीची साटी मोडली तर गाडी चालते, पण जू आणि धुरा कुजली तर? येथे साटी आणि धुरा एकच आहे.

या गाड्या हलक्या बांधणीच्या आहेत हे विसरू नये. मारुती ८०० चे स्वतःचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पाच मोठी माणसे बसली की त्याच्या निम्मे ओझे आत असते, मागे माल ठेवला तर तो वेगळा. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या धडकेची चाचणी जाहीर केली. तिच्यात हवेच्या पिशव्या नसलेल्या ऑल्टो ८०० ला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्याच फेरीत इतर कंपन्यांच्या छोट्या गाड्यांचीही तीच गत झाली. त्या गाड्या नव्या होत्या. तळ सडलेल्या पंधरा वर्षांच्या गाडीची कल्पना वाचकांनीच करावी.

बीड जिल्हा कोरडा, येथे गंज कसला, असे वाटेल. थोडे खरेही आहे. येथेच नोंदलेली आणि येथेच फिरलेली गाडी पत्र्याने बरी निघते. पण स्वस्त म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्या मुंबई, ठाणे, नवी मुंबई, रत्नागिरी येथल्या असतात. एमएच-०१, ०२, ०३, ०४, ४३, ०८ हे क्रमांक पाहिले की खाऱ्या हवेची आणि चार महिन्यांच्या पावसाची आठवण ठेवावी. एमएच-२३ बीडचा, एमएच-४४ अंबाजोगाईचा. असा स्थानिक क्रमांक आणि एकाच मालकाचा वापर असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी हरकत नाही, असे आमचे मत आहे. आपल्या काळ्या मातीचाही एक दोष आहे. पावसाळ्यातील चिखल चाकाच्या कमानीत आणि रनिंग बोर्डाच्या आतल्या कडेला बसतो, महिनोन्‌महिने ओल धरतो आणि आतून पत्रा खातो. मालक वरून रोज फडके मारतो, खाली पाणी मारीत नाही.

पाहावे कसे? पायाखालच्या रबरी चटया आणि त्याखालचा गालिचा उचलून बोटाने दाबावे. ओल लागली, कुबट वास आला किंवा पत्रा करकरला तर थांबावे. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्डावर लहान लहान ठोके द्यावेत. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बदबद वाजतो. बॅटरीखालचे पान ॲसिडने खाल्लेले असते, पुढच्या काचेच्या खालची कड पाण्याने. दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके बुजली असतील तर दाराची खालची कड गेलेली असते. बॉनेट उघडून दोन्ही शॉकॲब्सॉर्बरच्या टोपीभोवती वेल्डिंगचे थिगळ किंवा नुकताच मारलेला काळा रंग आहे का ते बघावे. दारे आणि टप यांवर लांबी भरून रंग मारलेला असेल तर मऊ कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक फिरवावे. जेथे लांबीचा जाड थर आहे तेथे ते धरत नाही. दारावर हाताएवढी लांबी निघाली तर घाबरायचे कारण नाही, गावात घासाघासी होतेच. पण खांबावर आणि रनिंग बोर्डावर लांबी निघाली तर ती गाडी एकदा मोडलेली आहे.

आपल्यातील कित्येक बांधव डेंटिंग-वेल्डिंगच्या धंद्यात आहेत, त्यांना हे सांगणे म्हणजे कुंभाराला माती दाखवण्यासारखे आहे. तरी एक सांगावेसे वाटते. तळाला थिगळ लावताना सडलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून काढला नाही आणि वरूनच पत्रा डकवला, तर गंज मधे कोंडला जातो आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा बाहेर येतो. ग्राहकाला हे आधीच सांगणारा मिस्त्री दोन कामे गमावील, पण वीस मिळवील.

पुरात बुडालेली गाडी हा याचाच एक प्रकार. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये तर बीड, धाराशिव, सोलापूर या आपल्याच जिल्ह्यांत पूर आला. अशी गाडी धुऊन-पुसून चकचकीत होते, पण सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्या, सीटबेल्टचे शेवटचे टोक आणि डॅशबोर्डाखालील वायरिंगचे जोड गाळाचा बारीक थर धरून ठेवतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, पाण्याची रेघ दिसते.

ब्रेक आणि स्टेअरिंग

या गाड्यांच्या पुढे बहुधा डिस्क आणि मागे ड्रम असतात. मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडर गळणे हा नित्याचा दोष आहे. मागच्या टायरची आतली बाजू तेलकट ओली दिसली की ओळखावे. मास्टर सिलिंडर आतून गेला असेल तर पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाते. यासाठी इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट पेडल दाबून बसावे. बूस्टर असलेल्या गाडीत इंजिन बंद करून तीन-चार वेळा पेडल मारावे, मग दाबून धरून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली सरकले पाहिजे. सरकले नाही तर बूस्टर किंवा त्याची नळी गेली. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून दोनेक वर्षांनी बदलावे लागते. ते काळे पडले असेल तर मालकाने बाकी देखभालही कशी केली असेल याचा अंदाज येतो.

मग मोकळ्या, कोरड्या डांबरी रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, ताशी तीसच्या वेगाने जोरात ब्रेक मारावा. सुस्थितीतील छोटी गाडी पेडल दाबल्यापासून आठ-दहा पावलांत थांबते आणि सरळ थांबते. एका अंगाला ओढली तर एका चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा दुसऱ्याचा गेला आहे. यंत्राने होणाऱ्या तपासणीत रोलरवर प्रत्येक चाकाचा जोर वेगळा मोजला जातो, म्हणून तेथे असा दोष लपत नाही. नुसत्या नजरेच्या तपासणीत तो सहज सुटतो. केंद्राने २०२१ मध्ये यांत्रिक तपासणी केंद्रांचे नियम केले ते याच कारणाने, पण अशी केंद्रे अजून सर्वत्र पोचलेली नाहीत.

स्टेअरिंगच्या मोकळ्या फेऱ्याची कायद्यातील मर्यादा ३० अंशांची आहे. म्हणजे चाक न हलता स्टेअरिंग तीस अंशांपर्यंत फिरले तरी गाडी नियमात बसते! आमच्या मते छोट्या मोटारीला एवढी मोकळीक फार झाली. चांगल्या रॅकमध्ये दोन बोटांहून जास्त फरक नसतो. नियमात बसणे आणि चांगले असणे यांतले अंतर दाखवायला यापेक्षा सोपे उदाहरण नाही.

स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू गाडी चालवावी. कट-कट-कट असा आवाज आला तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट गेला. त्याचे रबरी बूट आधी फाटते, आतील ग्रीस उडून जाते, माती आत शिरते आणि मग जॉइंट जातो. बूट वेळेवर बदलले असते तर काम थोडक्यात भागले असते. खड्ड्यातून जाताना पुढून खटखट आली तर लोअर आर्मचे बुश किंवा बॉल जॉइंट. जॅक लावून चाक उचलावे, गाडी पक्की टेकवावी, आणि चाक वर-खाली धरून हलवावे. हलले तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे हलले तर टाय रॉड किंवा रॅक. हे भाग बदलता येतात आणि मिळतात. तेव्हा त्यांच्यामुळे गाडी नाकारू नये, मात्र मिस्त्रीकडून खर्चाचा आकडा काढून किंमत तेवढी कमी करावी. सडक्या रनिंग बोर्डाला मात्र असा आकडा नाही.

टायरची नक्षी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. नक्षीच्या खाचेत लहान उंचवटे दिलेले असतात, झीज तेथवर आली की टायर संपला. वयही पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी भरपूर आणि कडेला बारीक भेगा, असा टायर उन्हाळ्यात दगा देतो. फक्त आतली कड झिजली असेल तर टायरचा दोष नाही, सस्पेन्शनचा आहे, आणि नवा टायरही तसाच झिजेल.

दिव्यांबद्दल थोडक्यात. आतील आरसा काळवंडला किंवा काच पिवळी पडली की बल्ब कितीही चांगला असो, उजेड पडत नाही. मांजरा खोऱ्यात गाळपाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. तेथे हा दोष किरकोळ मानता येत नाही. गाडी एकदा अंधार पडल्यावर चालवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

इंजिन शेवटी

इंजिनची पाहणी सकाळी, गाडी थंड असताना करावी. आपण येण्याआधीच मालकाने ती चालू करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावताच कळते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, हा दोष बहुधा स्वस्तात निघतो. गरम झाल्यावरही पांढरा धूर चालू राहिला आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. आपल्याकडे बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय आहे. त्यातील क्षार नळ्यांत बसतात, रेडिएटर चोक होतो, गाडी गरम होते आणि गॅस्केट उडते. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून पाहावे. गंजाचे तांबडे पाणी किंवा चुन्याचे पांढरे थर दिसले तर मागचा इतिहास कळला. इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटे गाडी उभी करावी, पंखा आपोआप लागला पाहिजे. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे विचारावे आणि पावती नसेल तर बदललाच नाही असे धरावे. तो तुटला की गाडी जागीच उभी राहते.

पीयूसीची चिठ्ठी इंजिनच्या तब्येतीचा दाखला नव्हे. भारत स्टेज दोनपूर्वीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, तर स्टेज दोन व तीनच्या गाडीला अर्धा टक्का. म्हणून एकच धूर एका गाडीला पास करतो आणि दुसरीला नापास.

गॅसकिट असेल तर ते आरसीवर चढलेले आहे का, हे पहिले पाहावे. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी दाबाखाली तपासून घ्यावी लागते, टाकीवर तशी पट्टी असते. घरगुती सिलिंडरवर चालणारी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. ते बेकायदा आहे आणि मागच्या सीटवर मुले बसतात.

कागद

परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि गाडीवरील बोजा दिसतो. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्याचा दाखला आणि नमुना ३५ घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये. चेसिसचा नंबर स्वतः वाचावा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्यावा आणि आरसीशी ताडावा. अंकाभोवती वेल्डिंग किंवा घासल्याची खूण असेल तर सौदा तेथेच सोडावा. दिल्लीकडील गाडी असेल तर आणखी सावध राहावे. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमलात आणण्यास सांगितले, आणि कितीतरी गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. येथे त्यांना ना हरकत दाखला, नवा क्रमांक आणि राज्याचा कर लागतो. तो खर्च धरला की स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

नावावर करण्याच्या बाबतीत आपल्याकडे फार ढिलाई आहे. विकणारा कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ व ३० वर, सह्या करून देतो आणि मोकळा झालो असे समजतो. घेणारा तो कागद कपाटात ठेवून गाडी पुढे विकतो. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी अशीच हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याच्या नावावर राहिली. अपघात झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नोंदवहीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी कधीच विकून पैसे खर्चून बसलेल्या माणसावर ही पाळी आली. त्यामुळे विकणाऱ्यानेही घेणाऱ्याच्या मागे लागून नाव बदलून घ्यावे, आणि झाल्यावर पोर्टलवर एकदा खात्री करावी.

विमाही घेणाऱ्याच्या नावावर १४ दिवसांत करून घ्यावा. खासगी गाडीत भाडे घेऊन माणसे बसवू नयेत. बाजारच्या दिवशी चार माणसे सोडून डिझेल-पेट्रोल निघते खरे, पण परवान्याशिवाय भाडे मारल्याचा दंड दहा हजारांपर्यंत आहे, आणि त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

इसाराच्या पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली रक्कम, कोणते काम कोणी करून द्यायचे आणि नाव बदलण्याचा खर्च कोणाचा, एवढे लिहून दोघांनी सही करावी. ताबा देताना दुसरी पावती करावी आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही घालावी. ही पावती नोंदणीच्या जागी चालत नाही. पण सकाळी गाडी दिली आणि दुपारी दुसऱ्याच जिल्ह्यातून मोबाइलवर ई-चलन आले, तर त्या वेळी गाडी कोणाकडे होती हे दाखवायला एवढा एकच कागद हाती असतो.